चेलोसाठी परवडणारा कार्बन फायबर बो कसा पारखावा

चेलोचा बो, म्हणजे तारांवर ओढायचा गज, घ्यायचा ठरला की पहिला प्रश्न येतो, ‘कुठल्या कंपनीचा घेऊ?’ महाग बोच्या बाबतीत तो प्रश्न रास्त आहे. कोडाबो, जॉनपॉल, म्यूझिंग, आर्कस यांच्याकडे एका मॉडेलचे दोन बो एकमेकांच्या बरेच जवळ असतात. साधारण पाच ते पंधरा हजारांत मिळणाऱ्या बोंचं तसं नाही. तिथे एकाच नावाचे, एकाच खोक्यातून निघालेले दोन बो घेतले, तर एक तारेला घट्ट धरून चालतो आणि दुसरा मधोमध थरथरतो. म्हणून या किमतीत मॉडेल निवडून फारसं काही साधत नाही. नेमका हातातला बो निवडावा लागतो. आणि तो परत करता येणार नसेल, तर कितीही स्वस्त असला तरी महागच पडतो.

आधी लाकडाचं बघू. उत्तम बो पर्नाम्बुको या ब्राझीलमधल्या लाकडाचे होतात. अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये फ्रांस्वा तूर्तने बोला आजचा आकार दिला, त्यातही हेच लाकूड होतं. बेसुमार तोडीमुळे ते झाड धोक्यात आलं आणि २००७ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींसाठीच्या साइट्स या कराराचं नियंत्रण आहे. दहा-बारा हजारांत जो लाकडी बो मिळतो तो बहुधा ‘ब्राझीलवुड’ या नावाने विकल्या जाणाऱ्या हलक्या प्रतीच्या लाकडाचा असतो. तो मऊ असतो आणि दोन-तीन पावसाळ्यांत एका बाजूला कलतो. या किमतीत कार्बन घेणं जवळजवळ नेहमीच शहाणपणाचं. चाळीस-पन्नास हजारांपुढे मात्र चांगले जुने लाकडी बोही वाजवून बघावेत. तिथे कार्बन आपोआप सरस ठरत नाही.

लाकडाच्या बाजूने एक गोष्ट मोठी आहे. वाकडा झालेला लाकडी बो जाणकार कारागीर गरम करून सरळ करू शकतो, त्याचा बाक कमी-जास्त करू शकतो. कार्बनचे तंतू इपॉक्सी या कडक होणाऱ्या राळेत बसवलेले असतात आणि ती एकदा कडक झाली की पुन्हा घडवता येत नाही. कारखान्यातून जसा आला तसाच तो कायम राहणार. पुढची सगळी तपासणी यासाठीच: घोड्याचे केस, स्क्रू, पकडीचं चामडं, काठीवरचे वेढे हे सगळं नंतर बदलता येतं, काठी बदलता येत नाही. तेव्हा नव्वद टक्के लक्ष काठीवर ठेवा.

वजन आणि तोल

पूर्ण आकाराच्या चेलोचा बो सुमारे ७१ ते ७२ सेंटिमीटर लांब असतो, म्हणजे व्हायोलिनच्या बोपेक्षा थोडा आखूड आणि चांगला जाड. ऑनलाइन जाहिरातींत घोटाळा इथेच होतो: फोटो व्हायोलिनच्या बोचा आणि शीर्षक चेलोचं. फ्रॉगकडे, म्हणजे हाताकडच्या टोकाला केस धरून ठेवणाऱ्या ठोकळ्याकडे बघा. व्हायोलिनच्या फ्रॉगचा मागचा कोपरा बहुधा चौकोनी असतो, चेलोचा गोल असतो. वजनावरूनही लगेच कळतं. व्हायोलिनचा बो ६० ग्रॅमच्या आसपास, व्हायोलाचा ७० च्या, चेलोचा ७८ ते ८४. मुलासाठी घेत असाल तर चेलो तीन-चतुर्थांश आहे की अर्धा ते बघून त्याच मापाचा घ्या. ‘वाढत्या अंगाचा’ बो घेतला तर टोकापर्यंत हात पोचत नाही आणि मनगट वाकडं वळवायची सवय लागते.

वजनासाठी सोनाराकडे असतो तसा छोटा डिजिटल काटा घ्यावा, काहीशे रुपयांत मिळतो. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत मोजणारा काटाही चालेल. ८० ते ८२ ग्रॅमचा बो बहुतेकांना मानवतो. ८५ च्या वर गेला की अर्ध्या तासात उजवा अंगठा बोलायला लागतो. ७६ च्या खाली गेला तर जाड सी तार जागी करायला हाताने दाबावं लागतं आणि आवाज खरखरीत होतो. अपवाद आर्कसचा. त्यांचे बो मुद्दामच बरेच हलके, पोकळ आणि फार ताठ बनवलेले असतात. तिथे हलकेपणा हा दोष नव्हे. स्वस्त बो हलका असेल तर बहुधा पोकळीची भिंत पातळ राहिलेली असते.

नुसत्या वजनावर थांबू नका. बो वाजवण्याइतका ताणा आणि आडव्या धरलेल्या पेन्सिलीवर तोलून धरा. तोलाचा बिंदू काठीच्या मागच्या टोकापासून, म्हणजे स्क्रूची घुंडी सोडून, २२ ते २४ सेंटिमीटरवर यायला हवा. तो एक सेंटिमीटर पुढे सरकला तरी तोच ८१ ग्रॅमचा बो हाताला बराच जड लागतो, कारण वजन हातापासून लांब गेलेलं असतं. टोक जड असलेल्या बोवर एक उपाय आहे: पकडीच्या जागी रबरी नळीचा तुकडा चढवला की मागे दोन-चार ग्रॅम वाढतात आणि तोल मागे येतो. पण एकूण वजनही वाढतं, त्यामुळे मुळात ८० च्या आत असलेल्या बोवरच हे करावं. उलट, मागे जड असलेल्या बोला टोकाकडे वजन लावणं ही डोकेदुखी आहे. तो परत करा.

काठी

बो पूर्ण सैल करा. फ्रॉगकडचं टोक डोळ्याशी धरून, केस खाली ठेवून, बंदुकीचा नेम धरावा तसं टोकाकडे बघा. काठी सरळ रेषेत टोकापर्यंत गेली पाहिजे. आता हळूहळू ताणत पुन्हा बघा. सैल असताना सरळ दिसणारी काठी ताणल्यावर डावी-उजवीकडे कलते, असं बऱ्याचदा होतं. एखाद्या मिलिमीटरचा कल वाजवताना जाणवत नाही. काठी केसांच्या पट्टीबाहेर डोकावताना दिसली तर पुढची काहीच तपासणी करू नका, बो खोक्यात घाला.

मग बाक. पूर्ण सैल बोमध्ये काठी मधल्या भागात केसांना टेकलेली किंवा अगदी जवळ आलेली हवी. सर्वांत खोल जागा मध्याच्या आसपास असावी आणि बाक टोकापर्यंत एकसारखा वळत जावा. काही स्वस्त काठ्यांत पुढच्या तिसऱ्या भागात बाक जवळजवळ नसतोच. असा बो फ्रॉगजवळ छान वाटतो आणि टोकाकडे गेल्यावर हातातून सुटल्यासारखा होतो.

वाजवायच्या ताणाला काठी आणि केस यांच्यातलं मधलं अंतर साधारण पेन्सिलीच्या जाडीइतकं, फार तर सेंटिमीटरभर असावं, आणि तेव्हाही काठीचा बाक केसांच्या दिशेने स्पष्ट दिसायला हवा. या ताणाला ए तारेवर मधोमध जोरात वाजवून बघा. काठी लगेच केसांना टेकून तारेवर ‘टक’ आवाज करत असेल तर ती मऊ आहे. ताण वाढवून हा दोष झाकता येतो आणि दुकानात तसा झाकलाही जातो. म्हणून बो हातात आल्यावर आधी पूर्ण सैल करा आणि स्वतः ताणा. सैलपासून वाजवण्यापर्यंत घुंडीचे साधारण तीन ते पाच फेरे लागतात. सात-आठ फेरे लागत असतील तर केस लांब बसवलेत किंवा काठी मऊ आहे. दोन्हीपैकी काय ते बाकाकडे बघून कळतं. बाक गेला आणि काठी सरळ झाली, तर काठी मऊ. बाक कायम आहे आणि फ्रॉग फक्त मागे गेलाय, तर केस लांब.

फार ताठ काठीचा त्रास वेगळा. संथ लांब बो ओढताना मधोमध ती बारीक उड्या मारते. शिकणाऱ्याला वाटतं हात थरथरतोय, आणि मग तो हात आवळून धरतो. घुंडी अर्धा फेरा सैल करून बघा. थरथर गेली तर ताण जास्त होता, नाही गेली तर काठीच तशी आहे. स्वस्त कार्बनमध्ये मऊपेक्षा हा दोष जास्त सापडतो, कारण ताठ काठी बनवणं सोपं आहे. ताठ असून लवचीक बनवणं अवघड.

आता विणीबद्दल. काठीवर चौकटीचौकटीची काळी चमकदार वीण दिसली की लोक खूश होतात. अनेक बोंवर ती नुसती वरची सजावटीची खोळ असते. आत काय आहे ते बघायचा साधा मार्ग: बो सैल करून घुंडी पूर्ण उलटी फिरवा, स्क्रू बाहेर काढा, फ्रॉग अलगद खाली घ्या. फ्रॉग हातातून सोडू नका आणि गोल फिरू देऊ नका, नाहीतर केसांना पीळ पडतो. आता काठीच्या पोटात फ्रॉगसाठी कोरलेली खाच दिसेल. टॉर्च मारा. कडा एकसारख्या काळ्या असतील तर कार्बन. पांढुरक्या किंवा हिरवट झाक असलेले तंतू असतील तर काच मिसळलेली, म्हणजे फायबरग्लास. लाकडाचा रंग दिसला तर लाकडावर कार्बनचं कवच चढवलेलं आहे. काच किंवा लाकूड असलं म्हणून बो वाईट वाजतोच असं नाही. पण शुद्ध कार्बनचे पैसे का द्यायचे? गोल काठी की अष्टकोनी, याचा आवाजाशी संबंध नाही. बोटांना जे बरं वाटेल ते घ्या.

फ्रॉग आणि स्क्रू

फ्रॉग उघडलाच आहे तर तेही बघून घ्या. त्याच्या माथ्यावर पितळेची छोटी आटेवाली कडी असते, स्क्रू तिच्यातून जातो. स्वस्त बोमध्ये सर्वांत आधी झिजते ती हीच. घुंडी फिरते पण फ्रॉग हलत नाही, किंवा वाजवताना अचानक बो सैल होतो, तेव्हा लोक बो मोडला म्हणून फेकून देतात. प्रत्यक्षात ती कडी बदलली की काम होतं, आणि ती अगदी स्वस्त असते. मात्र आटे सगळ्यांचे सारखे नसतात. नवी कडी घ्यायला जाताना जुना स्क्रू सोबत न्या. कडी किती आत वळवली आहे त्यावर फ्रॉगचं बसणं ठरतं. फार आत असेल तर फ्रॉग घट्ट बसून सरकत नाही, फार बाहेर असेल तर डुलतो. अर्धा-एक फेरा इकडेतिकडे करून हे घरीही जमतं.

ताणलेल्या अवस्थेत फ्रॉग दोन बोटांनी डावी-उजवीकडे हलवून बघा. खुळखुळत असेल तर वाजवताना झणझण येणारच. ओल्या पांढऱ्या फडक्याने फ्रॉग पुसा. काळा रंग फडक्याला लागला तर ते मुळातच काळं असणारं आबनूस नाही, रंगवलेलं साधं लाकूड. वाजायला फरक पडत नाही, पण घामट हाताला वर्षभर काळं लागत राहतं.

अंगठ्याच्या जागेचं चामडं आणि पुढचे वेढे घट्ट हवेत. चामड्याची कड अंगठ्याच्या नखाने उचलली जाते. ती झिजली की नख थेट काठीवर घासतं आणि कार्बनवरही खाच पाडतं. चामडं वेळेवर बदलणं फार स्वस्तात होतं.

वाजवून बघणं

नव्या बोच्या केसांना बहुधा रोझिन, म्हणजे तारेवर पकड देणारी राळ, लावलेलं नसतं, आणि तसा बो तारेवरून आवाज न करता घसरतो. हा दोष नव्हे. रोझिनच्या तुकड्याचा चकचकीत पृष्ठभाग बारीक पॉलिश पेपरने घासून घ्या आणि केसांवर सावकाश वीस-तीस वेळा फिरवा. तुलनेला तुमचा जुना बो घ्या आणि दोघांनाही एकच रोझिन लावा, नाहीतर तुम्ही बोऐवजी रोझिनच पारखत बसाल. किनारपट्टीच्या दमट उकाड्यात चेलोचं गडद, मऊ रोझिन चिकट होतं. तिथे जरा कडक, फिकट रोझिन बरं.

सुरुवात सी तारेवर, टोकाकडून. हलका स्पर्श करून ओढा. सूर लगेच लागतो की आधी ‘हिस्स’ येऊन मग लागतो? टोकाकडे लगेच लागणारा बो या किमतीत मिळाला तर अर्धी लढाई जिंकली. मग खुल्या तारेवर एक बो दहा सेकंद पुरवा, आधी अगदी हळू, मग ब्रिजजवळ, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीजवळ, जाऊन मोठ्याने. आवाज वाढवताना एका ठिकाणानंतर तो वाढायचा थांबतो आणि नुसता खरखरतो. ते ठिकाण जितकं उशिरा येईल तितका बो चांगला. त्यानंतर जी, डी, ए तारांवर मध्यात भराभर तार बदला. जड टोकाचा बो इथे मागे राहतो. शेवटी तोलाच्या जागेपासून थोडं पुढे, मध्याच्या अलीकडे, बो सोडून उडवून बघा. तो स्वतःहून एकसारखा उडाला पाहिजे. हाताने उचलावा लागत असेल तर काठी मेलेली आहे. ज्यांना राग वाजवायचे आहेत त्यांना उड्यांची फारशी गरज नाही. त्यांनी संथ मींडेत बो मधोमध थरथरतो का, आणि दिशा बदलताना सूर तुटतो का, एवढ्यावर निर्णय घेतला तरी चालेल.

स्वतःच्या कानाशी जे ऐकू येतं ते फसवं असतं. कार्बनचा घासल्याचा आवाज वाजवणाऱ्याला जास्त ऐकू येतो, तीन-चार मीटरवर तो विरतो. कुणाला तरी खोलीच्या दुसऱ्या टोकाला पाठ करून बसवा, किंवा तिथे फोन ठेवून रेकॉर्ड करा. तीन बो असतील तर त्यांना नंबर द्या, किमती लपवा. महाग बो दरवेळी पहिला येत नाही.

केस आणि आपली हवा

कार्बनची काठी पावसाळ्याला दाद देत नाही, घोड्याचे केस देतात. दमट हवेत ते लांबतात, कोरड्या हवेत आखडतात. जानेवारीत बसवलेले केस जुलैत मुंबई-पणजीत इतके सैलावतात की घुंडी शेवटपर्यंत फिरवूनही ताण येत नाही. भर पावसाळ्यात आखूड बसवलेले केस मे महिन्यातल्या नागपूरच्या कोरड्या उकाड्यात, घुंडी पूर्ण सैल असूनही, काठीला ताणून धरतात. त्यात टोकावर ताण येतो आणि आतली लाकडी पाचर सुटते. केस बदलायचे तर पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात. आणि कारागिराला सांगून ठेवा की बो किनारपट्टीवर राहणार आहे की आत.

स्वस्त बोचे केस ही हमखास कमजोर बाजू आहे. ताणल्यावर ते सपाट पट्टीसारखे, एकमेकांना न ओलांडता, दोन्ही कडांना सारखे ताणलेले दिसायला हवेत. एक कड सैल असेल तर बो तारेवरून एका बाजूला निसटतो. काठी उत्तम आणि केस खराब असा बो बिनधास्त घ्या, केस बदलून तो कुठल्या कुठे जातो. म्हणून किंमत ठरवताना केस बदलण्याचा खर्च त्यात धरा. चेलोचे केस नीट बसवणारे कारागीर मोजकेच आहेत; बो घेण्याआधीच मुंबई, पुणे किंवा गोव्यातल्या वादकांना विचारून एक गाठून ठेवा.

ऑर्डर देताना

विक्रेत्याला ‘या मॉडेलचं वजन किती’ असं विचारलं तर कॅटलॉगातला आकडा मिळतो. ‘तुम्ही पाठवणार आहात त्या बोचा काट्यावरचा फोटो आणि काठीवरून नेम धरून काढलेला फोटो पाठवा’ असं मागा. न देणाऱ्याकडून घेऊ नका. परत करण्याची मुदत किती दिवस, पाठवण्याचा खर्च कुणाचा, रोझिन लावलेला बो परत घेतात का, हे तिन्ही लेखी विचारा. तिसऱ्या प्रश्नावरच बहुतेकांची गाडी अडते. परदेशातून मागवलात तर कस्टम ड्युटी आणि कर धरून हिशेब करा. शिवाय परत पाठवला तरी ती रक्कम सहजासहजी परत येत नाही. त्यापेक्षा अमेरिकेत किंवा युरोपात राहणाऱ्या नातेवाइकांकडून आणवणं सोपं. तिथली व्हायोलिनची दुकानं बऱ्याचदा दोन-तीन बो काही दिवस घरी वाजवून बघायला देतात, तेव्हा तिकडे राहणाऱ्या वाचकांनी तर न वाजवता घेऊच नये. पर्नाम्बुको किंवा हस्तिदंती टोकाच्या जुन्या बोसारखी कागदपत्रांची भानगड कार्बनला नसते. पण फ्रॉगवर कासवाची पाठ किंवा पकडीवर घोरपडीसारखं चामडं असलेला बो विमानातून आणू नका.

वापरलेला बो मिळाला तर टोकाच्या मागच्या वळणावर आणि फ्रॉगच्या खाचेच्या कडांवर टॉर्च मारून केसासारखी चीर आहे का ते बघा. नखाने काठीभर टकटक करा. एखाद्या जागी आवाज बद्द झाला तर तिथे थर सुटलेले असू शकतात. टोक मोडून चिकटवलेला कार्बन बो फुकट मिळाला तरी घेऊ नये. बराच काळ बंद पेटीत पडलेल्या बोचे केस मधूनच तुटलेले दिसले तर पेटीत केस खाणाऱ्या किड्याच्या अळ्या असू शकतात. असा बो घरच्या पेटीत ठेवण्याआधी त्याचे सगळे केस कापून टाका, फ्रॉग आणि टोक ब्रशने साफ करा, आणि ज्या पेटीतून तो आला ती व्हॅक्यूमने कोपऱ्यांसकट साफ करून दोन-तीन दिवस उघडी उन्हात ठेवा. बो मात्र उन्हात किंवा बंद गाडीत ठेवू नका, इपॉक्सीला जास्त उष्णता मानवत नाही.